उबेची साक्ष

पावसाळा सरून महिने लोटतात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसतो, तरी मुंबईतील कित्येक पर्जन्यजलवाहिन्यांची मुखे वाहतच असतात. हे पाणी मेघराजाने पाठविलेले नव्हे, हे कळावयास पंचांग उघडण्याची गरज नाही. ते न्हाणीघरांतले, मोऱ्यांतले आणि शौचकूपांतलेही पाणी आहे. पावसाच्या पाण्याला एक वाट व मैल्याला दुसरी, अशी या शहराची मूळ योजना. मैल्याची वाट शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाची वाट सरळ नाल्याला, खाडीला आणि समुद्राला मिळते. एखाद्या घराची सांडपाण्याची नळी चुकून वा जाणूनबुजून या दुसऱ्या वाटेला जोडली गेली, की तेथील मैला कोणतीही प्रक्रिया न होता खाडीत जातो, आणि नाले तुंबले की तोच आपल्या दारी परत येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा लहानथोर सर्वांनी असलेच पाणी तुडविले.

अशी जोडणी शोधणे सोपे नाही. नळ्या जमिनीखाली असतात आणि चुकीचा प्रवाह दिवसातून काही मिनिटेच वाहतो. निरीक्षक येतो तेव्हा सारे कोरडे! घरोघर जाऊन मोरीत रंग सोडावा, तर लोक दार उघडत नाहीत.

नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या अडचणीवर मोठा मार्मिक तोडगा सुचवितो. त्यांनी दोन पर्जन्यवाहिन्यांत मिळून १३०० मीटर लांबीची प्रकाशतंतूंची तार अंथरली. ही तार दर दोन मीटरांवरचे तापमान दर तीस सेकंदांनी सांगते. घरातून आलेले स्नानाचे वा धुण्याचे पाणी वाहिनीतल्या पाण्याहून उबदार असते. जेथे मधूनमधून ऊब उमटली, तेथे घराचे किंवा कारखान्याचे सांडपाणी शिरत असल्याचे तपासात आढळले. कोणाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकावे लागले नाही.

या तारेच्या मुळाशी आपल्याच देशात लागलेला एक शोध आहे, हे वाचकांना सांगताना आम्हांस संतोष वाटतो. तारेत सोडलेल्या लेझर किरणांचा अत्यल्प अंश रंग पालटून मागे परततो. त्यातील अधिक निळसर भाग उष्णतेबरोबर वाढतो. त्यावरून तापमान कळते, आणि परतीला लागलेल्या वेळावरून ठिकाण. प्रकाशाचे हे रंग पालटणे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात दाखवून दिले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तारखेला आपण दरवर्षी विज्ञान दिन साजरा करतो. त्या दिवशीच्या भाषणांइतकीच निष्ठा या शोधाच्या उपयोगातही दिसावी.

अर्थात हे साधन म्हणजे जादूची कांडी नव्हे. मुंबईत वाहिनीतले पाणीही बहुतेक काळ कोमटच, त्यामुळे तेथे उबेचा फरक थोडा. थंडीतल्या पहाटे, घरोघर ऊनऊन पाण्याची स्नाने चालू असताना, तो अधिक उघड होईल. वाटेत निवालेला मैला तारेच्या नजरेतून निसटेल. म्हणून पालिकेने प्रथम एखाद्या विभागात, बंदिस्त वाहिन्यांत हा प्रयोग करून पाहावा आणि त्याचे निष्कर्ष नागरिकांपुढे ठेवावे, अशी आमची सूचना आहे.

परंतु दोष सापडल्यानंतर दंड कोणाला करावयाचा, याचाही विवेक हवा. पुष्कळदा घरमालकाला आपली नळी कोठे जाते हे ठाऊकही नसते. चूक बांधकाम करणाराची असते. तेथे मुदत देऊन दुरुस्ती करून घ्यावी. जाणूनबुजून केलेल्याची मात्र गय करू नये. आणि ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिनी कधी पोहोचलीच नाही, त्यांच्या नाल्यात मैला आहे हे सांगावयास तारेची गरज नाही. तेथे चुकीची जोडणी शोधण्यापूर्वी योग्य जोडणी देणे, हे पालिकेचे कर्तव्य आहे. गुप्त दोष हुडकून काढण्याचे साधन हाती आले म्हणून उघड्या दोषाकडे डोळेझाक करण्याची मुभा कोणालाही मिळत नाही.