अभिजात चित्रपटांची पुनर्निर्मिती : कथेचा वारसा आणि चित्रकृतीचे अनन्यत्व

सारांश :
गाजलेल्या जुन्या चित्रपटांची व दूरदर्शन मालिकांची पुनर्निर्मिती करावी की करू नये, हा प्रश्न बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात कथा आणि चित्रकृती यांतील भेद स्पष्ट करून, मराठी व हिंदी चित्रपटांच्या निवडक उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाची मांडणी केली आहे. पुनर्निर्मितीने मूळ कृतीची हानी होत नाही. मूळ कृती प्रेक्षकाच्या दृष्टीआड गेल्याने ती होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : पुनर्निर्मिती, रूपांतर, पुनःस्थापन, अभिजातता, चित्रपट जतन.

१. प्रस्तावना

'साहित्य आणि चित्रपट' हा घटक पदवी वर्गाला शिकवीत असताना प्रस्तुत लेखकाने 'देवदास' या कादंबरीवर गृहपाठ दिला होता. एका अभ्यासू विद्यार्थिनीने पार्वती आणि चंद्रमुखी यांच्या एकत्र नृत्याच्या प्रसंगाचे कादंबरीतील महत्त्व दोन परिच्छेदांत विशद केले. वस्तुतः शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत या दोघींची भेटच होत नाही. तो प्रसंग संजय लीला भन्साळी यांच्या २००२ सालच्या चित्रपटातील आहे. उत्तराचे गुण कमी करणे सोपे होते. परंतु तिच्याशी बोलताना लक्षात आले की, १९३५ आणि १९५५ सालचे 'देवदास' तिने पाहिले नव्हते आणि ते पाहावेत असे तिला कोणी सांगितलेही नव्हते. हे सांगण्याचे काम ज्याचे होते, तो शिक्षक प्रस्तुत लेखकच होता.

या प्रसंगातून प्रस्तुत लेखाचा विषय निर्माण झाला. पुनर्निर्मिती, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण 'रिमेक' म्हणतो ती, ही कलाव्यवहारातील आवश्यक गोष्ट आहे की केवळ व्यापारी सोय? अभिजात कृतींना हात लावू नये असे म्हणणारा एक पक्ष आहे, तर प्रत्येक पिढीला आपला 'देवदास' हवा असतो असे म्हणणारा दुसरा. या दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेल्या काही गोष्टी तपासून पाहणे आवश्यक वाटते.

२. संकल्पनांची निश्चिती

प्रथम तीन संज्ञा वेगळ्या करणे इष्ट ठरेल. एखाद्या कादंबरीवरून वा नाटकावरून चित्रपट करणे हे रूपांतर होय. आधीच्या चित्रपटाचा आधार घेऊन नवा चित्रपट करणे ही पुनर्निर्मिती होय. जुन्याच चित्रपटाच्या झिजलेल्या, डागाळलेल्या रिळांवरून त्याची स्वच्छ प्रत सिद्ध करणे हे पुनःस्थापन होय. पहिल्या दोन प्रक्रियांतून नवी कृती जन्मते. तिसरीत जुनीच कृती पुन्हा दिसू लागते. सर्वसामान्य चर्चेत या तिन्हींची सरमिसळ होते आणि वादाचा बराचसा गोंधळ त्यातूनच उद्भवतो.

मराठी वाचकाला हा भेद रंगभूमीच्या उदाहरणाने सहज उमगेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले आणि त्यानंतर शतकाहून अधिक काळ निरनिराळ्या नटांनी ते सादर केले. त्याला कोणी पुनर्निर्मिती म्हणत नाही. कारण नाटक संहितेच्या रूपाने टिकते आणि प्रत्येक प्रयोग हा त्या संहितेचा नवा आविष्कार असतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' या १९६७ सालच्या नाटकात वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केलेली खाँसाहेबांची भूमिका पुढे त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली. तेव्हा तुलना झाली. पण भूमिका पुन्हा का केली, असे विचारले गेले नाही.

चित्रपटाचे स्वरूप याहून भिन्न आहे. चित्रपट हा प्रयोगच असतो, परंतु एकदाच घडलेला आणि फितीवर कायमचा मुद्रित झालेला. प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांची कथा जितकी आहे, तितकाच विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आणि आवाज आहे. कथा पुन्हा सांगता येते. तो चेहरा पुन्हा घडविता येत नाही. म्हणून अभिजात चित्रपटाची पुनर्निर्मिती होते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्या कथेची पुनर्निर्मिती होत असते. मूळ चित्रकृती अनन्यच राहते.

३. पुनर्निर्मितीचा पूर्वेतिहास

पुनर्निर्मिती हे अलीकडच्या व्यापारी वृत्तीचे अपत्य आहे, हा समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. फाळके यांनी स्वतःच १९१७ साली हाच विषय पुन्हा चित्रित केला. पुढे १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट सादर केला. म्हणजे मराठी बोलपटाचा आरंभही एका पूर्वचित्रित कथेच्या पुनर्कथनानेच झाला आहे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट निर्माण केला. कर्जापायी जमीन गमावून शहराकडे वळणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा होती आणि त्यातील तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली होती. पेंटर यांनीच १९३६ साली त्याचा बोलपट केला. पेंटर यांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री'ची कथा शांताराम यांनी १९३३ साली रंगीत चित्रपटाच्या प्रयोगासाठी पुन्हा हाती घेतली. ध्वनी आला, रंग आला, तेव्हा तेव्हा जुन्या कथांकडे वळण्याची ही प्रवृत्ती दिसते. नवे तंत्र हाती आल्यावर ओळखीच्या कथेवर ते पडताळून पाहणे हा त्यामागील एक स्वाभाविक हेतू म्हणता येईल.

४. पुनर्निर्मितीने काय साधते?

यशस्वी पुनर्निर्मिती मूळ कृतीला प्रतिसाद देते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती, कारण त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्री मिळणे दुरापास्त होते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तीच तारामती दुर्गा खोटे यांनी साकारली. अवघ्या एकोणीस वर्षांत महाराष्ट्रीय समाजात झालेला बदल या दोन नावांत साठविला आहे. कथा तीच राहिली म्हणूनच हा बदल नजरेत भरतो. एकाच कथेच्या दोन आवृत्त्या समाजेतिहासाचे साधन म्हणून उपयोगी पडतात, त्या अशा.

'देवदास'चे उदाहरण याच संदर्भात पाहता येईल. प्रमथेश बरुआ यांच्या १९३५ सालच्या 'देवदास'च्या हिंदी आवृत्तीचे छायाचित्रण बिमल रॉय यांनी केले होते. त्याच बिमल रॉय यांनी वीस वर्षांनी, १९५५ साली, स्वतःचा 'देवदास' दिग्दर्शित केला. पार्वती आणि चंद्रमुखी त्यात रस्त्यावर एकमेकींसमोर येतात आणि एक शब्दही न बोलता पुढे जातात. २००२ च्या चित्रपटात त्या दोघी एकत्र नृत्य करतात. कादंबरीतील अभाव, १९५५ मधील मौन आणि २००२ मधील उत्सव या तीन अवस्था क्रमाने पाहिल्यास प्रत्येक दिग्दर्शकाची आणि त्याच्या काळाची दृष्टी कळते. मात्र त्यासाठी तिन्ही समोर असावे लागतात. प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीसमोर केवळ एकच होता.

'श्यामची आई' हे याहून अलीकडचे उदाहरण होय. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट केला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम मराठी मनात ठसलेले आहेत. २०२३ साली सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर नवा चित्रपट केला. तो तात्त्विकदृष्ट्या रूपांतर असला तरी अत्र्यांच्या चित्रपटाची आठवण टाळून त्याला पाहणे मराठी प्रेक्षकाला अशक्य होते. रंगीत चित्रपट सर्वत्र रूढ असतानाही तो कृष्णधवल ठेवण्यात आला, ही बाब लक्षणीय आहे. पूर्वकृतीचे ऋण नाकारण्याऐवजी ते उघडपणे मान्य करण्याचा हा एक मार्ग ठरतो.

५. पुनर्निर्मितीत काय निसटते?

याउलट काही पुनर्निर्मितींत कथेचा सांगाडा उचलला जातो आणि तिचा प्राण मागे राहतो. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. राम गोपाल वर्मा यांनी २००७ साली त्यावरून 'राम गोपाल वर्मा की आग' निर्माण केला. मूळ चित्रपटात जयची भूमिका करणारे अमिताभ बच्चन येथे खलनायकाच्या भूमिकेत होते. परंतु खेड्यावरील दहशतीची कथा महानगरात आणल्याने तिचा आधारच सुटला. रामगढचा उजाड माळ, त्या खडकांतील एकटेपणा आणि गावाची असहायता हीच 'शोले'च्या भीतीची कारणे होती. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली प्रताधिकारभंगाबद्दल निर्मात्यांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

भाषांतरित पुनर्निर्मितीतही असेच घडू शकते. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये (२०१६) जात ही कथेची पार्श्वभूमी नसून तिचे कारण आहे. उदयपूरमध्ये घडणाऱ्या 'धडक'मध्ये (२०१८) जातीचा उल्लेख पुसट झाला आणि श्रीमंती व राजकीय प्रतिष्ठा पुढे आली. घटनाक्रम जवळपास तोच राहिला, तरी त्या घटना का घडतात याचे उत्तर धूसर झाले. यावरून एक निकष हाती येतो : मूळ कृतीतील कोणती गोष्ट काढली असता कथा कोसळते, हे ज्याला कळले त्यालाच तिची पुनर्निर्मिती करण्याचा नैतिक अधिकार आहे.

कायदेशीर अधिकार ही स्वतंत्र बाब होय. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे, तर लेखकाच्या साहित्याचे संरक्षण त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले असल्याने त्यांचे पुस्तक २०११ पासून सर्वांना खुले आहे. १९६९ साली दिवंगत झालेल्या अत्र्यांचे लेखन मात्र २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. कायदा परवानगीचा प्रश्न सोडवितो, औचित्याचा नव्हे.

६. खरा धोका : मूळ कृतीचा लोप

आतापर्यंतच्या विवेचनावरून पुनर्निर्मिती चांगली किंवा वाईट असू शकते, एवढेच सिद्ध होते. वाईट पुनर्निर्मिती विस्मरणात जाते आणि मूळ कृती शिल्लक राहते. 'आग'ने 'शोले'चे काहीही बिघडविले नाही. मग धोका कोठे आहे?

तो पुन्हा 'राजा हरिश्चंद्र'च्या उदाहरणात सापडतो. या चित्रपटाची आज केवळ काही रिळे उपलब्ध आहेत, आणि ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ च्या पुनर्निर्मितीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतीय चित्रपटाचा आरंभबिंदू म्हणून आपण जे दाखवितो, ती कदाचित त्याची पुनर्निर्मिती असेल. १९२५ च्या मूक 'सावकारी पाश'ची प्रतही आज उपलब्ध नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निर्माण झाले; त्यांपैकी पूर्ण वा त्रुटित स्वरूपात तीसच्या आसपासच शिल्लक आहेत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोपर्यंत बरेच काही नष्ट झाले होते. त्यानंतरही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे जळाली.

मूळ कृती उपलब्ध असेल तर प्रेक्षक तिच्याकडे परततो, याचाही दाखला आहे. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर प्रसारित झाली. २००८ साली तिची पुनर्निर्मिती अधिक प्रगत तंत्राने एका खासगी वाहिनीवर आली. तरीही मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने पुन्हा दाखविली ती १९८७ चीच मालिका, आणि घराघरांतून ती पाहिली गेली. त्याचप्रमाणे 'शोले'ची पुनःस्थापित प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवट तीत आहे. ज्या चित्रपटाची पुनर्निर्मिती फसली, त्याचे पुनःस्थापन अधिक मोलाचे ठरले.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आता माध्यमांतराचा समावेश आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या वर्गखोलीपर्यंत आला आहे. विद्यार्थ्यास जी आवृत्ती सहज मिळते, तीच तो मूळ मानतो. यात त्याचा दोष नाही. म्हणून नव्या आवृत्तीला तुच्छ लेखण्यापेक्षा तिच्या शेजारी जुनी ठेवणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखकाने पुढील वर्षी 'देवदास'च्या १९५५ आणि २००२ च्या आवृत्त्यांतील पार्वती व चंद्रमुखी यांचे प्रसंग एकाच तासिकेत दाखविले. त्या मौनानंतर वर्ग काही क्षण शांत होता. मग एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पुस्तकात त्या भेटतात का?" ग्रंथालयातील 'देवदास'ची एकुलती एक प्रत त्या दिवशी वाचनासाठी बाहेर गेली.

८. निष्कर्ष

१) पुनर्निर्मिती ही भारतीय, विशेषतः मराठी, चित्रपटाच्या आरंभापासूनची परंपरा असून ती तत्त्वतः आक्षेपार्ह नाही.

२) कथा हा सामाईक वारसा असतो; चित्रकृती मात्र एकदाच घडते. पुनर्निर्मिती पहिलीची होऊ शकते, दुसरीची नाही.

३) मूळ कथेचा गाभा ओळखून त्याला नवा प्रतिसाद देणारी पुनर्निर्मिती स्वागतार्ह होय. केवळ नावाची पुण्याई वापरणारी कृती टिकत नाही.

४) पुनर्निर्मितीपूर्वी मूळ कृतीचे जतन व सुलभ उपलब्धता यांना प्राधान्य मिळणे आवश्यक आहे.

सारांश, अभिजात चित्रपट पुन्हा निर्माण करावेत का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देता येईल. मात्र त्याआधी ते पुन्हा पाहता आले पाहिजेत. दोन 'देवदास' शेजारी असतील तर तिसरा समृद्धी ठरतो. एकटाच असेल तर तो, स्वतः कितीही देखणा असो, आधीच्यांवर पडदा टाकतो.