दप्तरात स्वेटर कशाला?

ऑक्टोबरात गोव्यातील दूधसागर धबधबा पाहायला निघालात, तर पाठीवरच्या पिशवीत एक लोकरी स्वेटर ठेवा. हसू आले ना? कुळ्याच्या दमट रानात तर घामाच्या धारा लागतात! हवेत आधीच बाष्प फार, त्यामुळे घाम वाळत नाही आणि उकडते. पिण्याचे पाणी भरपूर घ्यायचे ते यासाठी.

पण धबधब्यापाशी चित्र पालटते. सुमारे 310 मीटरांवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे पाणी हवाही आपल्याबरोबर खाली ओढते. ती हवा तळाशी वारा होऊन सुटते आणि तुषारांनी तुम्हांला भिजवते. मग अंगाच्या उबेने सुती सदऱ्यातले पाणी वाळू लागते, वारा ती वाफ पळवतो. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. सदऱ्यात 100 ग्रॅम पाणी असेल, तर 58,000 कॅलरी! एवढ्या उष्णतेने 58 लिटर पाणी 1 अंशाने तापेल. तिचा बराचसा वाटा तुमच्याच अंगातून जातो. दात उगीच वाजत नाहीत!

म्हणून स्वेटर आणि एक कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बांधा. ओला सदरा आधी काढा, अंग पुसा. ओल्यावरच स्वेटर चढवलात, तर तोही भिजेल आणि लोकरीच्या कुरळ्या तंतूंत अडकलेली, ऊब राखणारी हवा निघून जाईल.