पाचवी कुठे बसवायची?

सकाळी 6.45
रात्रभर पाऊस लागून आहे आणि आज मला तो हवाच आहे. वाडीवरच्या शाळेपासून गावातल्या मोठ्या शाळेपर्यंतची वाट मला पावसातच चालून बघायची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका केंद्राची मी केंद्रप्रमुख. या वाडीच्या शाळेबद्दल माझ्याकडे दोन कागद आलेत. पंचायत समिती विचारते, पहिली ते चौथीची ही शाळा, पट 11, गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेत समायोजित करता येईल का? शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव म्हणतो, आमच्या शाळेला पाचवीचा वर्ग जोडून द्या. एक कागद शाळा मिटवायची म्हणतो, दुसरा वाढवायची. अभिप्राय मात्र एकच द्यायचा आहे.

सकाळी 8.20
वाडीवरून निघालो. सोबत गावच्या शाळेत जाणारी सहावीतली मुलगी आणि तिचा पहिलीतला भाऊ. मोबाइलवर दोन शाळांमधलं सरळ रेषेतलं अंतर 900 मीटर दिसतं, म्हणजे एक किलोमीटरच्या आत. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन, हा निकष इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण ही रेषा पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या वरून जाते आणि पोरं साकवाच्या लहान पुलावरून जातात. साकवापर्यंत खाली उतरायचं, पलीकडची घाटी चढायची. ही पायवाट दोन किलोमीटरच्या आसपास भरते.

साकवाचा एका बाजूचा कठडा गेलेला आहे. तिथे आल्यावर पोराने कोणी न सांगता छत्री मिटली. "वारा छत्री ओढतो ना, म्हणून," ताई म्हणाली. तिने त्याचं दप्तर स्वतःच्या गळ्यात पुढून अडकवलं, त्याचं मनगट धरलं आणि दोघं आडवं एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. पाणी फळ्यांच्या हातभर खाली होतं. भिजलेला पोरगा वर्गात पोचला तेव्हा 9.10 झाले होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या 2010 च्या केंद्रीय नियमांत साफ लिहिलेलं आहे की दरड, पूर, रस्ता नसणं असा धोका असेल तिथे शाळेच्या अंतराची मर्यादा कमी करावी. एक किलोमीटरचा आकडा सगळ्यांना ठाऊक, हे वाक्य कोणी वाचत नाही. मी ते आज अभिप्रायात उतरवणार आहे.

सकाळी 11
गाडीने मोठा वळसा घालून पुन्हा वाडीवर. परिपाठ झाला होता. एका खोलीत चार इयत्ता, दोन शिक्षक. पैकी गुरुजी मतदार यादीच्या कामावर, म्हणून आज बाई एकट्याच. तिसरी-चौथीला गणित घालून त्या पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवून घेत होत्या. चौथीतल्या मुलीला मी परिच्छेद वाचायला दिला. न अडखळता वाचला, वर मला त्यातला एक शब्द विचारला.

मग दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, आणि आजच्या दिवसातलं महत्त्वाचं मला त्यातच सापडलं. पट कमी का झाला? माणसं मुंबईला गेली हे खरं, पण तेवढंच नाही. थोरलं भावंड चौथी पास होऊन खाली गावात गेलं की पुढच्याच जूनमध्ये धाकट्याचाही दाखला निघतो. आई म्हणते, दोघं एकत्र गेलेली बरी. सकाळचा तो पहिलीतला पोरगा तर ताईमागून थेट तिकडेच दाखल झालेला. म्हणजे शाळा चौथीवर तुटते म्हणून खालचे वर्ग ओस पडतात आणि वर्ग ओस पडले म्हणून शाळा बंद करा म्हणतात. इयत्ता कुठवर आणि पोरं कुठल्या शाळेची, हे प्रश्न कार्यालयात दोन फायलींत असतात. रजिस्टरमध्ये ते एकाच ओळीत आहेत.

कायद्याने प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. आपल्याकडे जुनी घडी चौथी, सातवी, दहावी अशी. ती मोडायला आपण पंधरा वर्षं चालढकल करतो आहोत.

दुपारी 2
समितीची सभा. खिचडीची भांडी घासून स्वयंपाकीणकाकूही दारात येऊन बसल्या. शाळा गेली तर त्यांचं मानधनही जाणार. बोलल्या मात्र त्या नाहीत.

सगळे एका बाजूने बोलतील असं मला वाटलं नव्हतंच. एक आई उठल्या. "मॅडम, माझा मुलगा दुसरीत एकटा आहे. कबड्डीला गडी पुरत नाहीत, संगणक नाही. पानशेतला म्हणे बसने पोरं नेतात, मोठी शाळा आहे. आमच्या पोरांनी काय पाप केलं?" यावर कोणाला पटकन उत्तर सुचलं नाही. मलाही त्यांचं म्हणणं खोडून काढावंसं वाटलं नाही. नंदुरबारमधल्या तोरणमाळची आणि पानशेतची समूह शाळा दाखवूनच 2023 मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतून लहान शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले होते. तेव्हा वीसपर्यंत पट असलेल्या राज्यातल्या शाळा 14,783 सांगितल्या गेल्या आणि त्यांतली मुलं 1,85,467.

"बस कुठवर येईल?" एका आजोबांनी विचारलं. ही शाळा वस्तीशाळा म्हणून सुरू झाली तेव्हा त्यांनीच पडवी दिली होती. बस डांबरी सडकेपर्यंतच येईल, साकव पायीच. शिवाय एसटीचा मुलींचा मोफत पास पाचवीपासून मिळतो. पहिली-दुसरीच्या पोरीला तो नाही. वाहतूक भत्ता खात्यावर येतो, पण भत्त्याने पऱ्या ओलांडता येत नाही.

मी माझं मत लपवलं नाही. पाचवीपर्यंत पोर घराजवळ शिकावं. सहावीपासून मात्र वर्ग भरलेले हवेत, विषयाला शिक्षक हवा, तिथे एकत्र यायला हरकत नाही. मार्च 2024 च्या, पटावरून शिक्षकपदं ठरवणाऱ्या संच मान्यतेच्या निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथलं शिक्षकाचं पदच राहत नाही. त्यामुळे वरच्या वर्गांची विस्कटलेली शाळा कोणाच्याच भल्याची नाही. त्या आईंना म्हटलं, महिन्यातून दोन शनिवार दोन्ही शाळांची पोरं एकत्र खेळवू, साकव सुकला की. "आणि पावसात?" त्यांनी विचारलं. पावसाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुपारी 4.30
गावातलं हायस्कूल. वाडीची काही पोरं पाचवीला इथे येतात, म्हणून मुख्याध्यापक सरांचं दुखणंही खरं आहे. पाचवीचा वर्ग गेला की तुकडी जाते, तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि समायोजन होईतो तो माणूस टांगणीला. "मुलांचं हित आम्हालाही कळतं हो, पण माझ्या माणसाचं काय?" मी म्हटलं, सर, पद वाचवण्यासाठी दहा वर्षांच्या पोराला चालवायचं नाही, आणि शिक्षकालाही वाऱ्यावर सोडायचं नाही. समायोजनाचा आदेश आधी, वर्ग नंतर, असं मी लिहिते. सर थोडे सैलावले, पटलं मात्र नाही.

संध्याकाळी 7.30
अभिप्राय लिहिला. वाडीची शाळा बंद करू नये. पुढच्या जूनपासून तिला पाचवी जोडावी. दोन्ही शिक्षकपदं किमान तीन वर्षं कायम ठेवावीत, कारण धाकटी भावंडं परत येतात की नाही हे त्याशिवाय कळणार नाही. सहावीपासूनची मुलं गावच्या शाळेत जावीत. कठड्याचं काम निर्णयाची वाट न बघता करावं, कारण थोरली पोरं आजही त्यावरूनच जातात. सकाळच्या चालीच्या वेळा नोंदवल्या, फोटो जोडले.

रात्री 9.15
विरारहून एका बापाचा फोन. बायको-पोरांना गावी ठेवायचा विचार आहे, पाचवी होणार का? होईल असं सांगता आलं नाही. ग्रामसभेचा ठराव अजून बाकी आहे, म्हटलं. गणपतीला येताय ना, मग सभेला बसा आणि वाडीतल्या चाकरमान्यांनाही बसवा.

मग गटशिक्षणाधिकारी साहेबांना संदेश टाकला. निर्णयाआधी बांधकामच्या अभियंत्यांना घेऊन साकवावरून एकदा चालावं, पाऊस असतानाच. संच मान्यतेसाठी पट 30 सप्टेंबरचा धरतात, म्हणून तारीख त्याआधीची मागितली आहे.