उभ्यानं ढोल वाजवणारी मो

परवा पुण्याहून भाची आली ती अंगात पांढराशुभ्र टी-शर्ट घालून. त्यावर मधोमध भलंमोठं पिवळं केळं. बाकी काही नाही. आईनं चष्मा सारखा करत विचारलं, "काय गं, केळीवाल्याकडे नोकरी लागली का?"

भाची हसून हसून लोळायची बाकी राहिली. "आजी, हे एका बॅण्डच्या रेकॉर्डवरचं चित्र आहे. १९६७ सालचं. तुझ्या पिढीचाच बॅण्ड!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, पंक रॉक माहितेय ना? त्याचे हे आजोबा-पणजोबा. आणि यात ड्रम वाजवणारी बाई होती."

शेवटच्या वाक्यावर मी हातातली भाजी बाजूला ठेवली.

पंक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केस, फाटके कपडे, कानात सेफ्टी पिना. हे रूप लंडनचं, १९७६-७७ सालातलं. पण त्याचं मूळ शोधत मागं गेलं की आपण न्यूयॉर्कला पोचतो, या केळंवाल्या बॅण्डपाशी. नाव 'व्हेल्व्हेट अंडरग्राऊंड'. गाणी लिहिणारा लू रीड, वेल्सहून आलेला जॉन केल, गिटारवर स्टर्लिंग मॉरिसन. आणि ड्रमवर मॉरीन टकर. सगळे तिला 'मो' म्हणत.

मो १९४४ साली न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात जन्मली आणि लेव्हिटाऊनला वाढली. लेव्हिटाऊन म्हणजे युद्धानंतर मध्यमवर्गीयांसाठी बांधलेल्या एकसारख्या घरांची वसाहत. तिचे वडील घरं रंगवायचे. मोनं कुणाकडे शिकवणी लावली नव्हती. नायजेरियाचा ओलाटुंजी हा ढोलवादक आणि बो डिडली हा गिटारवाला गायक, हे दोघं तिचे लाडके. त्यांच्या रेकॉर्ड ऐकता ऐकता ती त्यांच्याबरोबर वाजवायची. नोकरी होती आयबीएममध्ये, कार्डांना भोकं पाडून माहिती भरण्याची. त्या काळी संगणकाला असाच घास भरवावा लागे. दिवसभर ठक ठक कार्डं, आणि घरी आल्यावर ढोल!

१९६५ च्या अखेरीस या बॅण्डला न्यू जर्सीतल्या समिट गावच्या शाळेत कार्यक्रम मिळाला. पैसे मिळणार, तेही ७५ डॉलर, सगळ्यांत मिळून. आधीच्या वादकाला पैसे घेऊन वाजवणं हीच गोष्ट पसंत नव्हती. तो चालता झाला. आता काय करायचं? स्टर्लिंगला आठवलं, आपल्या मित्राची बहीण वाजवते. जॉन केलचं म्हणणं होतं की बॅण्डमध्ये मुलगी नको. पण वेळ आली होती गळ्याशी! तेवढ्यापुरती म्हणून मोला बोलावलं. ११ डिसेंबरला कार्यक्रम झाला. पुढं काही वर्षं तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायचा विषय निघाला नाही.

ती वाजवायची कशी, हे भाचीनं मला जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडून दाखवलं. एरवी ड्रम वाजवणारा स्टुलावर बसतो. मोठा ढोल पायानं, छोटे ढोल हातातल्या काठ्यांनी, आणि वर पितळी झांजा. त्यांना सिंबल म्हणतात. मोनं तो मोठा ढोल चक्क आडवा केला आणि ती त्याच्यापुढं उभी राहिली. हातात मऊ बोंडांच्या काठ्या. झांजा जवळजवळ नाहीतच! झांजांच्या खणखणाटात गाण्याचे शब्द आणि गिटार बुडून जातात, असं तिचं मत. एका ठिकाणी तिचे ढोल चोरीला गेले, तर बाईनं बाहेरचे कचऱ्याचे डबे आत आणून वाजवले.

पंकची सुरुवात म्हणतात ती मला तरी इथं दिसते. पुढं याच क्वीन्सच्या पोरांनी 'रामोन्स' नावाचा बॅण्ड काढला. त्यांचा टॉमी तर मुळात ड्रमवादकच नव्हता. कुणी वादक जमेना, म्हणून स्वतःच बसला. साधा, घाईचा, एकसारखा ठेका. १९७६ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली. १४ गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास! उस्तादाकडे बारा वर्षं शिकल्याशिवाय स्टेजवर चढायचं नाही, हा धाकच त्यांनी मोडून काढला. आपल्याकडच्या गुरुजनांना हे रुचणार नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण रुचत नाही. पण शिकवणी परवडत नाही, घरी वेळ मिळत नाही अशा किती जणींनी पेटीला हातच लावला नसेल, हेही मनात येतं.

लंडनमध्ये त्याच वर्षी मुलींचा 'स्लिट्स' हा बॅण्ड उभा राहिला. तिथं ड्रमवर होती पालोमा रोमेरो, स्पेनची मुलगी. स्पॅनिशमध्ये पालोमा म्हणजे पारवा. पण तिथल्या एका वादक पोराला ते नाव धड ऐकूच येईना. तो म्हणाला पामोलिव्ह, आणि तेच चिकटलं! आपल्याला पामोलिव्ह म्हटलं की कपिलदेवची दाढीच्या क्रीमची जाहिरात आठवणार. तिनं मात्र तेच नाव मिरवलं.

मोकडे परत येऊ. १९७० साली बॅण्ड चौथी रेकॉर्ड करायला बसला तेव्हा ती गरोदर होती. आडवा का असेना, ढोलापुढं उभं राहून वाकून वाजवायचं, पोट मध्ये येणार. तिच्याशिवायच काम उरकलं. तीन-चार जणांनी मिळून तिची जागा भरून काढली. गंमत अशी की रेकॉर्डच्या पाकिटावर वादक म्हणून नाव छापलं मोचं! न केलेल्या कामाचं नाव लागलं. आपल्यापैकी कितीजणींच्या बाबतीत नेमकं उलटं होतं, नाही का?

ती वाट बघून ध्वनिमुद्रण थोडं पुढं ढकललं असतं तर? तिच्या बरोबरीच्यांनाही ते नंतर जाणवलं म्हणतात. पण तेव्हा कंपनीला रेकॉर्ड हवी होती. लू रीड त्याच वर्षी बाहेर पडला. पुढं मोचाही बॅण्ड सुटला.

मग पाच मुलं. घटस्फोट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं घरच्या बैठकीच्या खोलीतच एक रेकॉर्ड केली. सगळी वाद्यं एकटीनं वाजवली. पुढं जॉर्जिया राज्यातल्या डग्लस या लहान गावी वॉलमार्टमध्ये नोकरी. ज्यांच्या रेकॉर्डवर नवे बॅण्ड जीव टाकत होते, त्यांच्यातली एक बाई तिथं पोटासाठी राबत होती. त्या तुटपुंज्या पगारावर तिनं गाणंही लिहिलं. १९८९ च्या सुमारास तिनं नोकरी सोडली आणि स्वतःचा बॅण्ड घेऊन युरोपात वाजवायला निघाली. तेव्हा ती ४४-४५ वर्षांची होती. १९९३ मध्ये जुने चौघं पुन्हा एकदा स्टेजवर आले. आणि मो तशीच, उभी!

रात्री भाचीनं मोबाईलवर त्यांचं 'हेरॉइन' हे गाणं लावलं. दचकू नका. ही सिनेमातली नव्हे, ती नशेची पावडर. गाणं हळू सुरू होतं, मग वेग धरतं, पुन्हा मंदावतं. शेवटाकडे तर नुसता कल्लोळ. रेकॉर्डिंगच्या वेळी त्या गोंधळात मोला बाकीच्यांचं काहीच ऐकू येईना. आपण थांबलो की तेही थांबतील, म्हणून ती थांबली. ते थांबलेच नाहीत! आणि तेच रेकॉर्डवर गेलं.

हे सगळं भाचीनं मला आधी सांगून ठेवलं होतं. आईला काही माहीत नव्हतं. ती मंडळाच्या भजनात तीस वर्षं टाळ धरते. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मध्येच तिनं डोळे उघडले.

"अगं, ती पोरगी थांबली की काय?" म्हणाली. "कुणी बघितलं नाही वाटतं तिच्याकडे."