रिंगणाला मंच लागत नाही

होळी जवळ आली की बोरी अरबच्या आसपास, दारव्हा-दिग्रस भागातल्या बंजारा तांड्यांवर संध्याकाळी डफ घुमू लागतो. कामावरून आलेली माणसं हातपाय धुऊन मोकळ्या जागेत जमतात. एक जण गोरबोलीतली ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात आणि रिंगण फिरू लागतं. ही लेंगी. तिला मंच नाही, तिकीट नाही.

असंच रिंगण हजारो कोस दूर बल्गेरियाच्या गावचौकातही धरलं जातं. तिथे त्याला होरो म्हणतात. शेजाऱ्याचा हात किंवा कमरपट्टा धरून माणसांची साखळी तयार होते. साथीला बकऱ्याच्या कातड्याची पिशवी फुगवून वाजवायची गाइदा आणि गळ्यात अडकवलेला तापान असतो. तापान म्हणजे ढोलच. त्याच्या एका तोंडावर जाड टिपरू पडतं, दुसऱ्यावर बारीक काडी. गाइदाचा एक सूर अखंड चालू राहतो, आपल्या तंबोऱ्यातल्या षड्जासारखा.

परक्याची पावलं अडखळतात ती तालापाशी. रचेनित्सा हा नाच सात मात्रांचा: दोन, दोन, तीन. म्हणजे दोन पावलं आखूड आणि तिसरं लांब. बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने अशा तालांना 'बल्गेरियन ताल' म्हटलं, पण भजनी मंडळात बसलेल्या आपल्या माणसाला त्याचं नवल वाटणार नाही. आपला रूपकही सात मात्रांचाच, फक्त त्याची विभागणी तीन, दोन, दोन अशी. पायडुश्को नाचाच्या पाच मात्रा दोन-तीन अशा पडतात. ते झपतालाचं अर्धं आवर्तनच झालं.

या दोन मुलखांचे सूर एकदा एकत्र प्रवासालाही निघाले आहेत. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तिच्यावर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरातल्या वाल्या बाल्कान्स्का यांचं लोकगीतही आहे. वाल्याबाईंचं ते गाणं 1968 मध्ये अमेरिकन अभ्यासकांनी ध्वनिमुद्रित केलं होतं. गाणं डोंगरात होतंच. कुणीतरी यंत्र घेऊन तिथे गेलं आणि गाणारीचं नाव नोंदवलं, म्हणून ते ताऱ्यांच्या वाटेला लागलं.

बल्गेरियाने आपलं गाणं आणि आपला नाच, दोन्ही जपलं. कोप्रिवश्तित्सा गावाजवळच्या डोंगरी कुरणात 1965 पासून, साधारण दर पाच वर्षांनी, गावोगावचे गाणारे आपापल्या पेहरावात आपापल्या गावचं गाणं घेऊन येतात. तिथलं गाणं उघड्या आभाळाखाली होतं.

आपल्याकडे लेंगी अजून जिवंत आहे, पण ती बहुतेक तोंडातोंडीच चालत आली आहे. म्हातारीबरोबर एखादी चाल गेली की ती परत येत नाही. डीजेच्या भिंतीपुढे डफ ऐकू येत नाही आणि डफ थांबला की पावलांची मोजदादही विसरते.

म्हणून यंदा होळीच्या आधी तांड्यावर जा. जाणत्या माणसांची परवानगी घेऊन दोन लेंग्या मोबाइलमध्ये उतरवा, गाणाऱ्याचं आणि तांड्याचं नाव लिहून ठेवा, अर्थ विचारून घ्या. मग मोबाइल खिशात टाका आणि कुणी हात पुढे केला तर रिंगणात शिरा. नोंद यंत्रात राहील. चाल मात्र पायातच राहते.