हसऱ्या तोंडाची भूक

चिमट्यात धरलेलं गांडूळ पाण्यात उतरलं, तसा टाकीच्या तळाशी ढिम्म पडून असलेला अ‍ॅक्सोलॉटल जरासा वळला. धावून आला नाही, झडपही घातली नाही. गांडूळ नाकासमोर वळवळलं, तोंड उघडल्याचं दिसलंसुद्धा नाही आणि गांडूळ गायब! मग दोन-तीन सेकंदांत त्यानं डोकं झटकलं आणि गांडूळ जसंच्या तसं बाहेर थुंकलं. पुन्हा दिलं, पुन्हा थुंकलं.

‘‘काका, हा आजारी असेल का हो?’’ पुण्यातल्या एका परिचितांचा कॉलेजात जाणारा मुलगा रडकुंडीला आला होता.

‘‘गांडूळ कुठून आणलंस?’’

‘‘गच्चीतल्या खताच्या पिंपातून. अगदी ऑरगॅनिक आहे!’’

गडबड नेमकी तिथेच होती. आपल्याकडे गांडूळखतासाठी सर्रास वापरलं जाणारं लालसर, पट्टेरी गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा. फेटिडा म्हणजे दुर्गंधी. डिवचलं की ते अंगावरच्या बारीक छिद्रांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. हा त्याचा बचाव, आणि तो चालतोही. काही अ‍ॅक्सोलॉटल ही चव मुकाट गिळतात, पण बरेचसे पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतात. तोंड वाकडं करणं हा वाक्प्रचारच म्हणायचा, कारण या प्राण्याच्या तोंडाची ठेवणच अशी की तो उपाशी असो, आजारी असो, कायम हसताना दिसतो. त्या हसण्यावर विसंबून पाळणारे फसतात.

अ‍ॅक्सोलॉटल हा मासा नव्हे. तो बेडकाच्या दूरच्या नात्यातला सॅलमँडर आहे. मूळ घर मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, सोचिमिल्कोच्या कालव्यांमध्ये. बाकीचे बरेच सॅलमँडर वयात येताना कल्ले टाकतात आणि जमिनीवर येतात. हा मात्र मानेभोवतीच्या पिसाऱ्यासारख्या कल्ल्यांसकट पाण्यातच प्रौढ होतो, पाण्यातच अंडी घालतो. थोडक्यात, जन्मभर बाळच. 1864 साली मेक्सिकोहून 34 अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला आले. त्यातले सहा ऑग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाला मिळाले. त्यांना पिल्लं झाली आणि पुढच्या वर्षी त्या पिल्लांपैकी काहींनी कल्ले टाकून जमिनीवरच्या सॅलमँडरचं रूप घेतलं, तेव्हा द्युमेरिल चक्रावून गेला. हे रूपांतर अडून राहतं ते थायरॉइडच्या संप्रेरकाच्या कमतरतेपायी, हा उलगडा व्हायला पुढे अर्धशतक जावं लागलं, आणि तो झाला चक्क खाण्यातून. 1913 साली लाउफबेर्गर या चेक संशोधकानं आणि 1920 साली इंग्लंडमध्ये ज्युलियन हक्सलीनं अ‍ॅक्सोलॉटलना जनावरांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. काही आठवड्यांत कल्ले आक्रसले, शेपटीवरचा पातळ पडदा गेला आणि प्राणी पाण्याबाहेर चालू लागला. ताटात काय पडतं त्यावर पूर्ण देह पालटू शकतो, याचं याहून नाट्यमय उदाहरण मला तरी ठाऊक नाही. घरी कुणी हा प्रयोग करू नये, हे सांगायला नकोच. जबरदस्तीनं ‘मोठे’ केलेले अ‍ॅक्सोलॉटल सहसा फार जगत नाहीत.

असो. मुद्दा रोजच्या वरणभाताचा आहे. हा प्राणी नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. एवढी वर्षं त्याला आलटून-पालटून काहीबाही देऊन भागत नाही. एक मुख्य अन्न ठरवावंच लागतं. ते ठरवताना आधी त्याचं तोंड बघायचं. त्याला दात आहेत, पण ते नावापुरते, निसटता घास धरून ठेवण्यापुरते. चावणं, तोडणं त्याच्या गावी नाही. तोंड उघडताना तो घशाचा तळ खाली ओढतो, पोकळी एकदम वाढते आणि समोरचं पाणी भक्ष्यासकट आत खेचलं जातं. पिचकारीचा दांडा मागे ओढावा तसं. त्यात समोरचा खडाही जातो. म्हणून ज्या टाकीत रंगीत खडे शोभेसाठी पसरलेले असतात, तिथला अ‍ॅक्सोलॉटल कधी ना कधी खडा गिळून अडकतो. तळ मोकळा ठेवावा, नाहीतर अगदी बारीक वाळू घालावी.

शिवाय नजर अधू. वास, पाण्याची हालचाल आणि भक्ष्याच्या शरीरातून झिरपणारे क्षीण विद्युत-संकेत यांवर त्याचं चालतं. म्हणजे मुख्य अन्न मऊ हवं, अख्खं गिळता येईल असं हवं, तळापर्यंत जाणारं हवं आणि जमलं तर हलणारं हवं. या वर्णनात बसणारा प्राणी आपल्या प्रत्येक परसात आहे. कुठे त्याला दानवे म्हणतात, कुठे काडू, कुठे शिदोड.

गांडुळाच्या अंगात सुमारे 80 टक्के पाणी असतं. उरलेल्या कोरड्या भागात साधारण 60 टक्के किंवा त्याहून जास्त प्रथिनं. कवच नाही, हाडं नाहीत, चरबी बेताची. पण खरी मेख कॅल्शियमची आहे. अनेक गांडुळांच्या अन्ननलिकेलगत चुन्याच्या ग्रंथी असतात. डार्विननं 1881 साली गांडुळांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांची चर्चा केली आहे. त्यात पोटातल्या मातीचीही भर पडते. आता याच्याशेजारी मांसाचा तुकडा ठेवून बघा. पाश्चात्त्य पाळणाऱ्यांमध्ये गुरांचं हृदय बारीक चिरून द्यायची जुनी चाल होती. आपल्याकडे तोच विचार करून कोंबडीचे तुकडे टाकले जातात. निव्वळ स्नायूंच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या वीसपटीहूनही जास्त असतो. महिनोन्‌महिने तेच मिळालं तर शरीर कॅल्शियमची उसनवारी हाडांकडून करतं आणि हाडं ठिसूळ होतात. बाहेरून काही कळत नाही. चेहरा हसराच.

दुकानात जे सहज मिळतं त्याचीही गत फार बरी नाही. ब्लडवर्म म्हणजे चिलटांसारख्या माश्यांच्या लाल अळ्या. गोठवलेल्या चौकोनी वड्यांत मिळतात. अ‍ॅक्सोलॉटल त्यांच्यावर तुटून पडतो, पण ही भजी आहेत, जेवण नव्हे. जिवंत ट्युबिफेक्स हा बारीक किडा सांडपाण्याच्या गाळात वाढतो आणि तिथले जंतू सोबत घेऊन येतो. मी तरी तो हातात घेणार नाही. छोटे गोल्डफिश सोडणं तर सगळ्यात वाईट. एक तर परजीवी, दुसरं म्हणजे कार्प कुळातल्या या माशांमध्ये थायमिनेज नावाचं विकर असतं; ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं.

पेलेटचा, म्हणजे तयार दाणेदार खाद्याचा, प्रश्न वेगळा आहे. ते वाईट नव्हेत. अमेरिकेत केंटकी विद्यापीठात अ‍ॅक्सोलॉटलची मोठी वसाहत जोपासली जाते आणि तिथून जगभरच्या प्रयोगशाळांना प्राणी, अंडी जातात. तिथले प्रौढ प्राणी सामन माशांसाठी बनवलेल्या मऊ पेलेटवरच पोसले जातात. शेकडो प्राण्यांना रोज गांडुळं कोण पुरवणार! पण ते पेलेट मांसाहारी माशांसाठीचे, बुडणारे आणि प्रथिनांनी भरलेले असतात. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातले गहू-सोयाबीनचे तरंगते दाणे वेगळे. तळाशी बसलेला प्राणी वर तरंगणाऱ्या दाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. दाणा फुगतो, विरघळतो, पाणी नासतं.

अगदी लहान पिल्लांना मात्र यातलं काहीच चालत नाही. अंड्यातून निघालेलं सेंटीमीटरभराचं पिल्लू हलेल तेच खातं: ताजी उबवलेली ब्राइन श्रिम्प किंवा डॅफ्निया असे बारीक जलजीव, तेही रोज. त्यात खाडा झाला की शेजारच्या भावंडाचा पाय हलताना दिसतो आणि तोच घास होतो. पाय पुन्हा उगवतो, या प्राण्याची तीच तर ख्याती, पण म्हणून उपाशी ठेवू नये. वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा जेवण पुरतं. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी राहिली की समजावं, बरं चाललंय.

आणि तरीही, महाराष्ट्रात या प्राण्याच्या आहाराचा विचार ताटापासून नव्हे, थर्मामीटरपासून सुरू करावा लागतो. त्याला 16 ते 18 अंशांचं पाणी मानवतं; 24 च्या वर गेलं की हाल सुरू होतात. पुण्यातल्या एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी आठवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी, भूक मंदावते, न खाल्लेलं अन्न झपाट्यानं कुजतं, अमोनिया वाढतो आणि मग कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचा खर्च ज्याला झेपत नाही, त्यानं या प्राण्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय तो वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यानं 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याखाली त्याची नोंदणीही करावी लागते. हे संरक्षण उगाच नाही: सोचिमिल्कोच्या कालव्यांत 1998 साली दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 अ‍ॅक्सोलॉटल होते, 2014 च्या मोजणीत 36 उरले. तिथे सोडलेल्या कार्प आणि तिलापिया माशांनी त्यांची अंडीही खाल्ली आणि त्यांचं अन्नही.

या मुलाकडे चिलर होता, नोंदणीही होती. फक्त गांडूळ चुकलं होतं. त्याला युड्रिलस युजेनी आणायला सांगितलं. हे मूळचं आफ्रिकेतलं जाडजूड गांडूळ आपल्याकडच्या काही खतप्रकल्पांत असतं. शेतातलं उकरून आणू नकोस, फवारणीचं औषध त्याच्या पोटात असतं, हेही बजावलं. चौथ्या दिवशी त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. गांडूळ धुऊन, दोन तुकडे करून, चिमट्यात. या वेळी ते थुंकलं नाही. अर्धं आत गेलं, अर्धं हसऱ्या तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर लोंबत राहिलं. अ‍ॅक्सोलॉटल तसाच, काहीच घडलं नसल्यासारखा, मिनिटभर बसून राहिला. मग एक आवंढा, आणि उरलेलं शेपूटही आत.