गावाकडचे मोठे घर : आधी हिशोब, मग पाया

मुंबईच्या चाळीत, बैठ्या वसाहतीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढलेल्या आपल्या माणसाच्या मनात एक घर कायम उभे असते. ते गावाकडचे घर. सगळे भाऊ एकत्र राहतील, लेकी-सुना माहेरपणाला येतील, लग्नाचा मांडव दारात पडेल, असे मोठे, स्लॅबचे, शक्य तर दुमजली घर. निवृत्तीचे पैसे हाती येण्याची वेळ जवळ आली की या घराची चर्चा घरोघर सुरू होते.

या इच्छेला कोणी हसू नये. तिच्यामागे इतिहास आहे. आपली वस्ती गावाबाहेर होती. अस्पृश्याने कौलारू घर बांधणे हाही गावाच्या लेखी गुन्हा होता, हे बाबासाहेबांनी गावगाड्याच्या अलिखित कायद्यांची नोंद करताना लिहून ठेवले आहे. ज्या वाडीत आजोबा कुडाच्या घरात राहिले तेथे नातवाने चिऱ्याच्या भिंती उभ्या कराव्यात, यात स्वाभिमान आहे. शिवाय १९८२ च्या गिरणी संपाने एक धडा दिला. पगार थांबला तेव्हा ज्याचे गावी छप्पर होते त्याने बायकामुले तिकडे पाठवून दिवस काढले. म्हणून घर बांधावे की नाही हा वाद नाही. ते किती मोठे, कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या पैशाने बांधावे, एवढाच प्रश्न आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडल्याशिवाय पहिली कुदळ मारली तर तेच घर भावाभावांत वैर आणते आणि मुलांच्या शिक्षणाचा पैसा गिळते.

जमीन कोणाची?

सर्वांत आधी जागेचा कागद पाहावा. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शेतजमीन असेल तर सातबारा आणि ८-अ काढावा. शेतजमिनीवर घर बांधायचे तर बिनशेतीचे नियम तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत आणि बांधकामाची परवानगी लेखी घ्यावी. ‘आपल्याच वाडीत कोण विचारतो’ हे बोलणे महागात पडते.

आपल्या समाजाला एक गोष्ट अधिक तपासावी लागते. पुष्कळांच्या जमिनी मूळच्या महार वतनाच्या आहेत. वतनाच्या जाचातून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि ठरलेली रक्कम भरून जमिनी वतनदारांना पुन्हा मिळाल्या. पण त्या नवीन व अविभाज्य शर्तीवर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर समजावे की जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. अशा जागेवर घर बांधण्याआधीही परवानगीची चौकशी करावी. चुलत्याने तोंडी दिलेला तुकडा किंवा साध्या कागदावर घेतलेली जागा यांवर आयुष्याची कमाई ओतू नये.

दुसरी बाब बहिणींची. वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही हिंदू वारसा कायद्याप्रमाणेच लागू आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. घर बांधायचे ठरले की बहिणीला बोलावून घाईघाईने हक्कसोडपत्रावर सही घेतात. समतेच्या गोष्टी करणाऱ्या घरात हे शोभत नाही. तिला योजनेत वाटेकरी करून घ्यावे. तिने पैसे घालावेत, तिची खोली असावी. ती स्वखुशीने हक्क सोडत असेल तर ते तिने पूर्ण माहितीने आणि नोंदणी करून सोडावे.

खोल्या मोजण्याआधी रात्री मोजा

प्रत्येक भावाला दोन खोल्या, वर पाहुण्यांसाठी दोन, अशी बेरीज करत घर आठ खोल्यांचे होते. त्याआधी वेगळी बेरीज करावी. गेल्या वर्षी कुटुंबातले कोण, किती रात्री गावी राहिले? जयंतीचे चार दिवस, मे महिन्याची सुटी, एखादे लग्न, एखादे जलदान. पुष्कळांचे उत्तर वर्षाला पंचवीस रात्रींच्या पुढे जात नाही. म्हणजे आठ खोल्या उरलेल्या तीनशे चाळीस रात्री कुलपात राहणार. कोण कायमचे राहायला जाणार आहे, हे आज ठामपणे सांगता येते का? ज्याचे नाव घेता येईल त्याची सोय आधी करावी.

त्या नावांपुरते तळमजल्याचे घर आधी बांधावे, मात्र पाया आणि खांब पुढे मजला चढेल या हिशोबाने अभियंत्याकडून आखून घ्यावेत. पाया नंतर वाढवता येत नाही, मजला वाढवता येतो. नकाशा काढताना घरातल्या बायकांना आणि वृद्धांना विचारावे. वृद्धांची निजण्याची खोली तळमजल्यावर, संडास-मोरी तिला लागून, पायऱ्या बुटक्या. स्वयंपाकघरात चार बायकांना एका वेळी वावरता यावे. सणासमारंभाच्या गर्दीसाठी जादा खोल्यांपेक्षा एक लांबरुंद पडवी आणि एक मोठा दिवाणखाना अधिक कामी येतो; रात्री तेथेच दहा अंथरुणे पडतात.

आकडे मांडू या

एक उदाहरण घेऊ. तीन भाऊ आणि एक बहीण मिळून घर बांधत आहेत. बांधकामाचा दर केवळ हिशोबासाठी चौरस फुटाला २,००० रुपये धरू. आपल्या तालुक्यातला खरा दर तीन ठिकाणी विचारून घ्यावा.

दुमजली, आठ खोल्यांचे २,४०० चौरस फुटांचे घर म्हणजे ४८ लाख रुपये. पण ठेकेदाराच्या दरात बऱ्याच गोष्टी नसतात : अभियंत्याची फी, विहीर किंवा बोअरिंग, विजेचा मीटर, शोषखड्डा, कुंपण, माल वाडीपर्यंत नेण्याचा खर्च, मुंबईहून देखरेखीसाठी होणाऱ्या फेऱ्या. यांसाठी शंभराला वीस, म्हणजे ९ लाख ६० हजार. भाववाढ आणि अडीअडचणीसाठी शंभराला दहा, म्हणजे ४ लाख ८० हजार. एकूण ६२ लाख ४० हजार. चौघांत प्रत्येकी १५ लाख ६० हजार.

आता तळमजल्याचे १,००० चौरस फुटांचे घर धरू. बांधकाम २० लाख, बाकीचा खर्च ४ लाख, राखीव २ लाख, एकूण २६ लाख. प्रत्येकी साडेसहा लाख.

समजा, थोरल्या भावाला निवृत्तीचे सगळे मिळून २६ लाख मिळाले. मोठ्या घरात त्याच्या शंभरातले साठ रुपये जातात, लहान घरात पंचवीस. येथे तथागतांचा उपदेश आठवावा. राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला त्यांनी कमाईचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग आपत्तीसाठी साठवून ठेवावा. वर्षाला पंचवीस रात्री राहण्याचे दुसरे घर हा आपल्यासाठी उपभोगाचाच भाग आहे. तो पाव हिश्श्यात बसला पाहिजे. दोन भाग मुलांच्या शिक्षणाचे आणि रोजगाराचे, चौथा म्हातारपणच्या दवाखान्याचा. या दोहोंना हात लावून चढवलेला मजला पुढे पस्तावा देतो.

कर्ज काढायचेच असेल तर त्याचाही हिशोब करावा. पाच लाखांचे कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत दहा वर्षे धरली तर महिना सुमारे ६,३३४ रुपये हप्ता पडतो आणि शेवटी सुमारे ७ लाख ६० हजार भरले जातात. निवृत्तीनंतर हा हप्ता कोण भरणार, त्याचे नाव आधीच लिहावे. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. सावकाराकडे तर वळूच नये.

सरकारी मदतीविषयी गैरसमज नको. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी आहे. पण ती ज्यांना पक्के घर नाही अशा गरजूंसाठी आहे, दुसऱ्या मोठ्या घरासाठी नाही. गावीच कच्च्या घरात राहणारा भाऊ तिच्या अटींत बसत असेल तर त्याने स्वतंत्रपणे ग्रामपंचायतीत चौकशी करावी. त्याचा हक्क मुंबईकर भावांच्या बंगल्यात बुडवू नये.

ठेकेदार, माल आणि मोसम

कोकणात काम पावसाच्या गणिताने चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाया घ्यावा आणि स्लॅब शक्यतो फेब्रुवारीपर्यंत पडावा. कारण स्लॅबवर निदान दोन आठवडे पाणी धरावे लागते आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांत प्यायच्या पाण्याचीच मारामार असते. पाणी न मिळालेला स्लॅब पहिल्याच पावसात गळतो. सिमेंट लागेल तसे आणावे. पावसाळ्यात साठवलेल्या गोणी दमट हवेने घट्ट होतात.

ठेकेदाराशी स्टॅम्प पेपरवर करार करावा. दर मालासह की नुसत्या मजुरीचा, पडवी आणि जिना मोजणीत कसे धरणार, सिमेंट-सळई कोणत्या प्रतीची, हे त्यात लिहावे. पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत. सुरुवातीला १० टक्के, जोत्यापर्यंत २०, लिंटेलपर्यंत २०, स्लॅब पडल्यावर २५, गिलाव्यानंतर १५ आणि उरलेले १० टक्के एक पावसाळा गेल्यावर. स्लॅबच्या घराला चौरस फुटाला ढोबळमानाने ४ किलो सळई आणि ०.४ गोणी सिमेंट लागते. १,००० चौरस फुटांना सुमारे ४ टन सळई आणि ४०० गोणी. भिंतींवर भार घेणाऱ्या चिऱ्याच्या घराला सळई कमी लागते. ठेकेदाराचा आकडा याहून फार वेगळा असेल तर कारण विचारावे. प्रत्येक पैशाची पावती घ्यावी आणि एका वहीत नोंद ठेवावी. ती वही सर्व वाटेकऱ्यांनी महिन्यातून एकदा पाहावी.

भावाभावांतला कागद

एकाने पैसे दिले, दुसऱ्याने गावी राहून राबवले, तिसऱ्याने नंतर देतो म्हटले. भांडणाचे बी येथेच पडते. म्हणून बांधकामाआधी लेखी ठरवावे. कोणाचा वाटा किती, गावी राबणाऱ्या भावाच्या श्रमाची किंमत किती, उताऱ्यावर कोणाकोणाची नावे, कोणाला वाटा विकायचा झाला तर आधी कोणाला विचारावा. नवऱ्यासोबत बायकोचेही नाव लागावे. बांधून झाल्यावर दुरुस्तीसाठी दरवर्षी बांधकामाच्या किमतीच्या शंभराला एक रुपया तरी बाजूला ठेवावा. २० लाखांच्या घराला वर्षाला २० हजार, चौघांत पाच हजार. घरपट्टी, वीजबिल, वाळवी, स्लॅबवरची शेड, भिंतींवरचे शेवाळ यांचा खर्च घर बंद असले तरी थांबत नाही.

बाबासाहेबांचे उदाहरण

परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांनी अनेक वर्षे संसार केला. पुढे कर्ज काढून त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभारले. ते १९३३ मध्ये पुरे झाले. त्या घराचा आकार ग्रंथांनी ठरवला. कशासाठी बांधायचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच सुमारास बांधलेली ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत त्यांनी १९४१ मध्ये विकून टाकली. ग्रंथांचे राजगृह राखले.

आपणही घराचा आकार त्याच्या उपयोगाने ठरवावा. तळमजल्याच्या घरातही एक खोली पुस्तकांना देता येते. कपाटात शंभर पुस्तके, एक लांब टेबल, विजेचा दिवा आणि किल्ली गावी राहणाऱ्या भावाकडे. दहावी-बारावीची वाडीतली मुले संध्याकाळी तेथे अभ्यासाला बसली, तर आपण मुंबईत असतानाही ते घर बंद राहणार नाही. त्यासाठी लागणारा खर्च आठव्या खोलीच्या भिंतींहून कितीतरी कमी आहे.

या सुटीत गावी जाल तेव्हा सगळ्या भावंडांनी एक संध्याकाळ काढावी. सातबारा, वही आणि पेन घेऊन पडवीत बसावे, बहिणींनाही बोलवावे. कोण किती रात्री राहणार, कोण किती पैसे देणार, कोणाचे शिक्षण अजून व्हायचे आहे, हे तिघांत-चौघांत मोकळेपणाने मांडावे. त्या वहीवर सर्वांच्या सह्या झाल्या की मगच गवंड्याला बोलवावे. जय भीम!